पार्क मैदानाच्या परिसरात केव्हा आणि कुठे खावे : सोलापूरसाठी एक सविस्तर मार्गदर्शक

सोलापूर शहराच्या मधोमध पार्क स्टेडियम, भुईकोट किल्ला, हुतात्मा बाग, हुतात्मा स्मृती मंदिर, सिद्धेश्वर तलाव आणि होम मैदान ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. सकाळी धावायला येणारे, दुपारी सामना पाहणारे, संध्याकाळी मुलांना बागेत आणणारे आणि रात्री नाटकाहून परतणारे अशा चार प्रकारच्या लोकांची भूक हाच परिसर भागवतो. मात्र सकाळी सातला जिथे गर्दी असते तिथे दुपारी बाराला शुकशुकाट असतो, आणि रात्री नऊला जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे सकाळी दुकानाची फळीही उघडलेली नसते. म्हणून या भागात खाण्याचे ठरवताना हॉटेलाचे नाव शोधत बसण्याआधी घड्याळ पाहावे आणि त्यावरून दिशा ठरवावी.

आधी दिशा समजून घ्याव्यात

पार्क चौक हे मध्यस्थान धरावे. कागदोपत्री या मैदानाचे नाव इंदिरा गांधी स्टेडियम असले तरी रिक्षावाल्याला ‘पार्क’ एवढेच सांगितले तरी पुरते. तेथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्याकडे आणि पुढे नवी पेठेकडे गेल्यास बाजारपेठेचा भाग लागतो. तेथे नाश्ता, वडे, चहा, मिठाई आणि शाकाहारी जेवण मिळते. सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव ओलांडून गेल्यास लक्ष्मी मंडई व विजापूर वेस लागते, आणि हा भाग मांसाहारी खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्याही पुढे पूर्व भाग सुरू होतो. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ अशा नावांच्या या वस्तीत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उलट दिशेला सात रस्ता आणि तेथून विजापूर रोड आहे. बसून निवांत जेवण्याची, कुटुंबासाठी सोयीची, वाहन लावायला जागा असलेली हॉटेले प्रामुख्याने या बाजूला सापडतात.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शहरात रोजच्या व्यवहारात चालतात, आणि त्यांची चारही स्वयंपाकघरे पार्क चौकापासून रिक्षाने थोड्याच वेळात गाठता येतात. बाहेरगावचा माणूस पहिल्या दिवशी चटणी-भाकरी खाऊन ‘सोलापूर झाले’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे तीन चतुर्थांश जेवण अद्याप बाकीच असते.

सकाळ : व्यायामाआधी काय, व्यायामानंतर काय

मैदानावर किंवा तलावाच्या काठाने चालायला-धावायला येणाऱ्यांनी आधी पोटभर खाऊ नये. अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे आणि पाणी पुरेसे आहे. सोलापुरात मार्च उजाडताच ऊन चटके देऊ लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर सहज जातो. त्यामुळे या दिवसांत सातच्या आत व्यायाम आटोपून खाण्याकडे वळणे शहाणपणाचे ठरते. घरून पाण्याची बाटली भरून आणावी, कारण या शहरात नळाला पाणी रोज येत नाही आणि गाडीवरच्या पिंपातले पाणी केव्हाचे आहे हे विचारणे दोघांनाही अवघड वाटते.

व्यायामानंतरची खरी न्याहारी करायची असेल, तर एकदा तरी पूर्व भागात जावे. यंत्रमागाच्या पाळ्या लवकर सुरू होत असल्याने या भागात इडली-वड्याचे गाडे पहाटेच लागतात. इडली मऊ असते आणि चटणी पातळ असते, आणि ती मागेल तितकी वाढली जाते. येथे उशिरा जाऊन उपयोग नाही, कारण पातेले रिकामे झाले की गाडा उठतो, आणि ते बऱ्याचदा नऊ-साडेनऊलाच घडते. ज्यांना इतके दूर जायचे नाही, त्यांनी नवी पेठेच्या बाजूला उप्पीट, पोहे, पुरी-भाजी किंवा सुशीला घ्यावा. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि डाळ्याचे कूट घालून दिलेली फोडणी. मिरची भजीसोबत तो खाणे ही या पट्ट्याची जुनी रीत आहे. धावून आलेल्या माणसाने भजी टाळावी असे आहारशास्त्र सांगेल. ते मान्य करून एकच घ्यावी.

सामन्याचा दिवस : चाळीस मिनिटांचे गणित

पार्क मैदानाला क्रिकेटचा चांगला वारसा आहे. भारताचे माजी कर्णधार पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, हे येथील जुने क्रिकेटरसिक आवर्जून सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना येथे झाला, तेव्हा बऱ्याच वर्षांनी या मैदानावर प्रथम श्रेणीचे क्रिकेट परतले होते. असा चार दिवसांचा सामना पाहायला जाताना खाण्याचे नियोजन खेळाच्या वेळापत्रकावरून करावे लागते. खेळ साधारणपणे सकाळी साडेनऊला सुरू होतो, साडेअकराला उपाहाराची सुटी होते आणि ती चाळीस मिनिटांची असते. चहापानाची सुटी वीसच मिनिटांची असते आणि साडेचारच्या सुमारास दिवसाचा खेळ संपतो.

या चाळीस मिनिटांत बसून थाळी जेवण्याचा मोह टाळावा. साडेअकराला बहुतेक खानावळींची भाजी नुकतीच उतरलेली असते, भाकरीचा तवा पुरता तापलेला नसतो, आणि वाढप्याला घाई करून फायदा होत नाही. त्यापेक्षा पुढील क्रमाने जावे. सकाळी आठच्या सुमारास भरपेट न्याहारी करून मैदानात शिरावे. उपाहाराच्या सुटीत पार्क चौकाच्या बाजूला बाहेर पडून बटाटेवडा, भजी-पाव किंवा एखादा डोसा असे हातात घेऊन खाता येईल तेवढेच घ्यावे, वर ताक किंवा उसाचा रस प्यावा आणि दहा मिनिटे राखून परत फिरावे. चहापानाच्या सुटीत जागेवरून उठू नये. मग पाच वाजता हातपाय धुऊन, घाई न करता, नीट जेवायला निघावे.

घरून डबा नेणाऱ्यांसाठी सोलापूरकडे एक तयार उत्तर आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी उन्हात खराब होत नाही, सांडत नाही आणि हाताला तेल फारसे लागत नाही. शेंगदाण्यात दर शंभर ग्रॅममागे सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे तेवढ्यावर दुपार निभावते. सोबत दही न्यायचे असल्यास घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावे. मोठ्या सामन्यांना प्रवेशद्वारावर पिशव्या तपासल्या जातात, तेव्हा काचेची बाटली आणि सुरी घरीच ठेवावी.

दुपारचे किंवा सायंकाळचे जेवण : भाकरीवरून खानावळ ओळखावी

शहरात ज्वारीच्या भाकरीचा दर्जा वरचा आहे, कारण ज्वारीच वरची आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि मालदांडी ज्वारीचे नाव तर साऱ्या राज्यात घेतले जाते. अशा गावात वाईट भाकरी खाऊन परत जाणे हे निव्वळ दुर्लक्षाचे फळ म्हणावे लागेल. खानावळ निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, भाकरी थापण्याचा आवाज येतो का. परातीवर पीठ भुरभुरून तळहाताने गोल फिरवत थापली जाणारी भाकरी दिसली, तर अर्धे काम झाले. दुसरी, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात का. हे पाणी सुकायच्या आत भाकरी उलटली तरच ती फुगते. तिसरी, ताटात आल्यावर तिचा पापुद्रा बोटाने सहज सुटतो का आणि आतून वाफ निघते का. गार आणि एकावर एक रचून ठेवलेली भाकरी मिळाली तर दुसरी गरम मागावी. सोलापुरात याला कोणी उद्धटपणा समजत नाही.

भाकरीबरोबर काय घ्यावे, याला ऋतूनुसार उत्तर आहे. पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवून घोटलेला गरगट्टा, भरली वांगी, पिठले, मोड आलेल्या मटकीची उसळ हे बारमाही पदार्थ आहेत. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा पाला आणि वांगी बाजारात येतात, तेव्हा ताट उजळून निघते. ताटात शेंगाचटणी, कच्चा कांदा आणि दही हवेच. चटणीत दही कालवून खाणे हा नवख्यासाठी उत्तम मार्ग आहे, कारण सोलापुरी तिखट पहिल्या घासाला साधे वाटते आणि तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आणते. थाळीत धपाटे असतील तर ते आवर्जून घ्यावेत. सणासुदीला शेंगापोळी मिळते. शेंगदाण्याचे कूट आणि गूळ भरलेली ही पोळी तुपाबरोबर खावी आणि तिच्यावर लगेच धावायला जाऊ नये.

संध्याकाळ : किल्ला, बाग आणि पार्क चौपाटी

भुईकोट किल्ल्याची उभारणी बहमनी काळातली आहे आणि त्याच्या तटाला लागून तलाव व बाग असल्याने मुलांसह दोन तास सहज जातात. किल्ल्यात आणि मंदिर परिसरात खाद्यपदार्थ नेण्याऐवजी आधी फिरून घ्यावे आणि मग पार्क चौकाकडे यावे. तेथे संध्याकाळी लागणाऱ्या गाड्यांना सोलापूरकर चौपाटी म्हणतात. भेळ, पाणीपुरी, पावभाजी, डोसा, आईस्क्रीम, बर्फाचे गोळे असा सर्वत्र मिळणारा ऐवज येथेही मिळतो. यात खास सोलापुरी फारसे काही नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. येथे यावे ते मुलांसाठी आणि वातावरणासाठी. अतिक्रमण हटवण्याच्या मोहिमांमुळे गाड्यांच्या जागा बदलत असतात, म्हणून विशिष्ट गाडी शोधण्यात वेळ घालवू नये; जिथे माल भराभर संपतो आहे, तिथे उभे राहावे.

लहान मुले सोबत असल्यास पाणीपुरीचे पाणी आणि बर्फ याबाबत थोडा कडकपणा दाखवावा. गरम तव्यावरचा पदार्थ त्यामानाने सुरक्षित असतो. पावभाजी ‘कमी तिखट’ अशी सांगूनच घ्यावी, आणि तरीही ती इतर गावांच्या मानाने तिखट येईल हे गृहीत धरावे.

हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक पाहायचे असेल, तर खाण्याची वेळ आणखी काटेकोर ठरवावी लागते. रात्रीच्या प्रयोगाआधी सातला हलके खाऊन घ्यावे. प्रयोग संपेपर्यंत या बाजूच्या स्वयंपाकघरांतील चुली विझत आलेल्या असतात, आणि मग विजापूर वेस किंवा रेल्वे स्टेशनचा परिसर एवढेच पर्याय उरतात.

रात्र : विजापूर वेस आणि सावजी

सोलापुरात रात्रीचे खाणे म्हटले की विजापूर वेशीचे नाव निघतेच. लोखंडी शिगेवर खिमा ओल्या हाताने दाबून बसवायचा, निखाऱ्यावर धरायचा, पंख्याने वारा घालत फिरवत राहायचे आणि कडा काळपट होताच कापडाच्या पकडीने ओढून ताटलीत उतरवायचा, असा शीक कबाबाचा खेळ डोळ्यांसमोर चाललेला असतो. सोबत रोटी, कापलेला कांदा आणि लिंबू येते. कोणते मांस आहे हे मागवण्याआधी सरळ विचारावे. दुकानदारही सरळ सांगतात. धुराच्या जवळची जागा गरम असली तरी तिथेच उभे राहावे, कारण शीक निखाऱ्यावरून उतरल्यावर पाच मिनिटांतच त्याची निम्मी चव जाते. दालचा आणि भात मिळत असेल तर तोही घ्यावा. डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजवून चिंचेने आंबट केलेला दालचा हा जेवणातला जडपणा कमी करतो.

रमजानच्या महिन्यात या भागाचे वेळापत्रक पूर्ण बदलते. दिवसा फिरकू नये. सूर्यास्तानंतर मात्र विजापूर वेशीचा मीना बाजार उजळतो, आणि ईद जवळ येईल तशी गर्दी इतकी वाढते की वाहन पार्कच्या बाजूला लावून पायी जाणेच इष्ट ठरते.

सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज सोलापुरात मोठ्या संख्येने आहे आणि त्यांच्या सावजी पद्धतीच्या मटणाची शहरात वेगळी ख्याती आहे. भाजलेले सुके खोबरे, खसखस, लवंग, मिरे आणि तीळ यांच्या वाटणामुळे रस्सा गडद होतो आणि तिखटपणा जिभेपेक्षा घशाला जाणवतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने रस्सा वाटीत वेगळा मागवावा, भाकरी कुस्करून त्यावर थोडा थोडा ओतावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामना खेळायचा असल्यास हा बेत पुढे ढकलावा.

शाकाहारी मंडळींनी आणि मिश्र कुटुंबांनी रात्री सात रस्त्याकडे वळावे, म्हणजे एकाच टेबलावर सर्वांची सोय होते. श्रावणात अनेक मांसाहारी खानावळींची चूल थंड असते, हेही ध्यानात ठेवावे.

गड्डा : जानेवारीतला अपवाद

मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम असा तिचा क्रम असतो. होम मैदानावर पाळणे आणि दुकाने लागतात, आणि हा गड्डा यात्रेचे मुख्य दिवस संपल्यावरही पुढे बरेच दिवस चालतो. या काळात वर सांगितलेले बरेचसे नियम बाजूला ठेवावे लागतात.

मुख्य सोहळ्यांच्या दिवशी पार्क ते मंदिर हा रस्ता वाहनांना बंद असतो. तेव्हा त्या दिवसांत जेवणाचा विचार गड्ड्याबाहेरच करावा आणि गड्ड्यात केवळ चरण्यासाठी जावे. कढईतून निघालेली भजी, चुरमुरे-फुटाणे, रेवड्या, उसाचा रस हे गड्ड्याचे खाणे. तेल किती वेळा तापले आहे हे त्याच्या रंगावरून आणि फेसावरून कळते. काळपट, फेसाळ तेलाची कढई दिसली की पुढच्या दुकानावर जावे. पर्याय भरपूर असतात. गर्दीचे दिवस टाळून, दारूकाम झाल्यानंतरच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी सायंकाळी सहाला गेल्यास पाळणेही मिळतात आणि गरम भजीही.

याच दिवसांत आसपासच्या शेतांवर हुरडा सुरू असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान कोवळी कणसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून हातावर चोळतात आणि शेंगाचटणी, गूळ, दही यांबरोबर खातात. हे खाणे सकाळचे आहे. दहा-अकरापर्यंत शेतावर पोहोचायला हवे, त्यामुळे सकाळी हुरडा आणि संध्याकाळी गड्डा असा दिवस जमतो. हुरड्यानंतर पाणी लगेच ढसाढसा पिऊ नये, ताक प्यावे, असे घरोघरी बजावतात.

विजापूर रोड आणि संभाजी तलाव

ज्यांना शहराच्या मध्यातली गर्दी नको, त्यांच्यासाठी विजापूर रोडवरचा धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या माणसांचा कंबर तलाव, आणि त्याच्या जवळपासची उद्याने आहेत. येथे सकाळी फिरणाऱ्यांसाठी चहा-नाश्त्याची सोय असते आणि रात्री रस्त्याच्या कडेने कौटुंबिक हॉटेले चालतात. याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. खाण्यासाठी मुद्दाम पार्कहून येथे येण्याची गरज नाही.

सोबत काय न्यावे आणि ते कसे पारखावे

बाहेरगावी परतताना चटणी आणि कडक भाकरी नेण्याची प्रथा आहे. टिळक चौक, नवी पेठ आणि जुन्या पेठांतल्या दुकानांत दोन्ही मिळतात. मैदानाच्या बाजूला घेण्यापेक्षा बाजारात जाऊन घेणे चांगले, कारण तिथे चाखून पाहता येते.

चांगली शेंगाचटणी उखळात कुटलेली असते. भाजून साले काढलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ यांवर मुसळाचे घाव पडत राहिले की दाण्याचे स्वतःचे तेल सुटते आणि चटणीला ओलसर लकाकी येते. चिमूटभर चटणी अंगठा आणि तर्जनीत दाबावी. तिची वडी बनली आणि बोटाला तेलाचा पातळ थर लागला, तर ती कुटलेली आहे. भुरभुर सांडली तर ती यंत्रात फिरवलेली असण्याची शक्यता जास्त, आणि त्यात भर म्हणून डाळ्याचे पीठ असले तर तेही चवीला लगेच कळते. रंग विटकरी असावा. भडक लाल रंगाचा मोह धरू नये. पहिला वास लसणाचा यायला हवा. खवट वास थोडासा जरी आला, तरी ती चटणी जुन्या दाण्याची समजून परत ठेवावी.

कडक भाकरी पातळ लाटून वा थापून, मंद आचेवर ओलावा पूर्ण जाईपर्यंत भाजलेली असते. घेताना ती उजेडासमोर धरावी. मध्ये जाड, फिकट डाग दिसले तर तेवढ्या जागी ओल राहिलेली असते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बाजरी आणि ज्वारी दोन्ही प्रकार मिळतात. तीळ लावलेली बाजरीची भाकरी चहाबरोबरही चालते. प्रवासात तुकडे होणारच, त्यामुळे पिशवीत कपड्यांच्या वर आणि डब्याच्या आत ठेवावी. घरी गेल्यावर चटणी काचेच्या बरणीत, ओला चमचा न घालता ठेवल्यास महिनाभर उत्तम राहते.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईकडे जाणाऱ्यांनी ही खरेदी दुकाने बंद होण्याआधी, म्हणजे सायंकाळी सात-साडेसातलाच उरकावी, मग विजापूर वेशीत किंवा सात रस्त्याला जेवावे आणि स्टेशनची वाट धरावी. पहाटेच्या गाड्यांनी निघणाऱ्यांनी चटणी आदल्या दिवशीच घेऊन ठेवावी, कारण त्या वेळी बाजारपेठेतले एकही दुकान उघडलेले नसते.